सालीसाठी चाललेली फवारणी

फळं तोडून आणली की खरं काम सावलीत बसून होतं. गोणपाट अंथरायचं, टोपली हलकेच पालथी करायची आणि एकेक फळ हातात फिरवून पाहायचं. देठ शाबूत आहे का, कुठे दबलंय का, सालीवर काही दिसतंय का. आमची बाग लहान, घरच्याच माणसांनी सांभाळलेली, झाडं बहुतेक संत्र्याची. तोडणीच्या दिवशी माझ्यापुढे तीन ढीग लागतात. एक पूर्ण भावाचा, एक अर्ध्या भावाचा आणि एक कोणालाच नको असलेला. मागच्या हंगामात तिसऱ्या ढिगात मी एक फळ टाकलं, तर काकूंनी ते पुन्हा उचललं.

"अरे, हे कशाला तिकडे टाकलंस? विहिरीकडच्या झाडाचं आहे हे."

"काकू, देठाभोवती डाग बघा ना केवढा आहे."

त्यांनी फळ सोललं, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा, आणि डाग कुठे लागतो ते सांग."

डाग कुठेच लागला नाही. लागणारही नव्हता, कारण ती एक जुनी, भरून आलेली जखम होती. पाकळ्या गळतात आणि फळ वाटाण्याएवढं असतं, तेव्हा फुलकिडे नावाचे बारीक किडे देठाच्या बुडाशी लपून कोवळी साल खरवडतात. जखम भरते आणि तिथे राखाडी, खरखरीत खपली धरते. फळ फुगत जातं तशी ती खपली देठापासून बाहेर सरकते, आणि पिकलेल्या फळावर कोणी कंपासने काढावं तसं वलय उमटतं. ते आपल्याला दिसेपर्यंत किडा कधीच निघून गेलेला असतो, म्हणजे तेव्हा फवारून काही साधत नाही. आत फोडी जशा भरायच्या तशा भरलेल्या असतात. तरी फळ तिसऱ्या ढिगात जातं. पुढच्या वर्षी ते तिथे जाऊ नये म्हणून पाकळ्या गळायच्या सुमाराला, झाडावर फुलकिडे आहेत की नाहीत हे न बघताच, पंप पाठीवर चढतो.

टिकाऊ फळबागेवर बोलायला बसलं की चर्चा खतापासून सुरू होते. शेणखत की पोत्यातलं खत, सेंद्रिय की रासायनिक, ठिबक की पाट. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही. फळ दिसायला कसं असावं हे ठरवलं कोणी, आणि त्या दिसण्याची किंमत कोण मोजतं? माझं म्हणणं असं आहे की फळाची प्रत सालीवरून ठरते तोवर घरगुती बाग टिकाऊ होणं अवघड आहे, मग पिंपात तुम्ही काहीही कालवा. आच्छादन करा, गांडुळं वाढवा, पाणी वाचवा. तोडणीच्या दिवशी एक माणूस येऊन फळाच्या कातडीकडे बघणार असेल, तर वर्षभराचे निर्णय त्याच्याच नजरेला धरून होतात.

आता ही नजर किती बारीक असते ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने सफरचंदासाठी जे मानक ठरवलं आहे, त्यात पहिल्या वर्गाच्या फळावर सालीचे दोष सगळे मिळून एक चौरस सेंटिमीटरपर्यंत चालतात. करंगळीच्या नखाएवढी जागा. खपल्या रोगाचा, म्हणजे साल तडकवणाऱ्या एका बुरशीचा, डाग असेल तर त्याला पाव चौरस सेंटिमीटर. ही झाली कागदावरची सूट. प्रत्यक्ष खरेदी करणारे बहुतेक वेळा याहून कडक असतात, कारण त्यांना मांडणीत सगळी फळं एकसारखी हवी असतात. एवढ्याशा नखासाठी किती फवारे होतात याचा हिशोब त्या मानकात कुठेच नाही.

हा हिशोब करायची रीत तशी जुनी आहे. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. ती आज मराठीतल्या प्रत्येक कृषी पुस्तिकेत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ या नावाने भेटते. कीड दिसली की फवारा, असं करू नका. कीड जेवढं नुकसान करील ते फवाऱ्याच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच फवारा. इतकं सरळ. एकात्मिक कीड नियंत्रणाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. पण या वाक्यात ‘नुकसान’ हा शब्द आहे, आणि नुकसान किती ते कीड ठरवत नाही, बाजार ठरवतो.

समजा एका फवाऱ्याचा खर्च वीस टोपल्या फळांइतका आहे. कीड फळ खाऊन टाकणारी असेल, तर वीस टोपल्या जातील इतकी ती वाढेपर्यंत मी हातावर हात ठेवून बसू शकतो. तेवढ्यात एखादा ढालकिडा, एखादी गांधीलमाशी येऊन काम करून जाते. कीड फक्त सालीवर वलय काढणारी असेल आणि वलयाचं फळ अर्ध्या भावाने जात असेल, तर चाळीस टोपल्यांवर वलयं पडेपर्यंत थांबता येतं. हेही ठीक. पण एका खोक्यात दोन डागाळलेली फळं निघाली म्हणून आख्खं खोकं खालच्या प्रतीत गेलं, तर? मग दर खोक्यामागे दोन फळं खरवडतील इतकेच फुलकिडे पुरेसे होतात. थांबायला जागाच उरत नाही. शास्त्रज्ञांनी सांगितलेली पातळी प्रतवारीच्या नियमाने शून्याला टेकते. शेतकऱ्याने ‘विनाकारण’ फवारलं असं आपण म्हणतो तेव्हा त्याने खरं तर अगदी बिनचूक गणित केलेलं असतं.

त्या गणितात न धरलेला खर्च मात्र पुढे सगळीकडे फुटतो. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका कापसाळ खवले किडीने जवळजवळ बसल्या होत्या. १८८८–८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचे ढालकिडे आणून सोडले, पाचशेच्या आसपास, आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ हा बिनपगारी नोकर बागा राखत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, दुसऱ्याच कुठल्या किडींसाठी बागेत मारलं गेलं, ढालकिडे मेले आणि जुनी कापसाळ कीड पुन्हा डोकं वर काढून हजर झाली. सफरचंदाच्या बागांतही तेच. डीडीटीने फळातली अळी मेली, पण तिच्याबरोबर लाल कोळ्यांना खाणारे भक्षकही मेले. कोळी ही तोवर किरकोळ कीड होती. ती त्या दशकात मोठी डोकेदुखी होऊन बसली. त्याच सुमारास कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात ए. डी. पिकेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ बागायतदारांना सांगत होता की सौम्य औषधं निवडा, कमी वेळा मारा, मित्रकिडींना जगू द्या. ज्यांनी ऐकलं त्यांचा खर्च उतरला आणि फळही बरं निघालं. त्यावेळी हे ऐकायला बरीच हिंमत लागली असणार.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणूनच सेंद्रिय करा. माझा त्याला विरोध नाही, पण शिक्क्यावर माझा भरवसा कमी आहे. सेंद्रियचा शिक्का सांगतो की बागेत काय मारलं. फळाकडे बघणारी नजर तो बदलत नाही. बोर्डो मिश्रणाचंच घ्या. मोरचूद (म्हणजे तांब्याचं एक क्षार) आणि चुन्याचं हे मिश्रण फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शिंपडत, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. निळसर डागांची द्राक्षं बघून चोर बिचकत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग पडलेला नाही, आणि १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. (डाग पाडून फळ वाचवायचं, यातली गंमत आजच्या प्रतवारीवाल्यांना कळायची नाही.) आजही सेंद्रिय बागेत तांब्याला परवानगी आहे. पण तांबं हा धातू आहे, तो कुजत नाही, उडून जात नाही. वरच्या थरात साठत राहतो आणि गांडुळांना मारक ठरतो. युरोपीय संघाने म्हणून २०१९ पासून मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं नाही. गंधकाचंही तसंच. वारंवार मारलं तर भुरी रोगाबरोबर भक्षक कोळीही जातात. फळ गुळगुळीत हवं हा हट्ट तसाच ठेवून फक्त पिंपातलं औषध बदललं, तर जमिनीला फरक पडतो, पण आपण समजतो तेवढा नाही.

जमीन किती काळ लक्षात ठेवते याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत १८९२ साली शिसे आणि आर्सेनिक असलेलं लेड आर्सेनेट हे कीटकनाशक वापरात आलं. पुढची पन्नासेक वर्षं, डीडीटी येईपर्यंत, सफरचंदातल्या अळीवरचं ते मुख्य औषध होतं. झाडं केव्हाच तोडली गेली, काही ठिकाणी घरं उभी राहिली, तरी जुन्या बागांच्या मातीच्या वरच्या थरात शिसे आणि आर्सेनिक अजून सापडतं. ज्या आजोबांनी ते मारलं त्यांनी काही पाप केलं नव्हतं. त्यांना अळी नसलेलं फळ विकायचं होतं. घरगुती बागेत मात्र जमीन बदलता येत नाही. भाड्याने घेतलेली बाग सोडून दुसरीकडे जाता येतं, कंपनीला दुसरा तालुका चालतो. घरच्या बागेत विहीर तीच, ओसरी तीच, आणि फवारा मारणाऱ्याचीच पोरं त्या झाडाखाली खेळतात.

या साऱ्यात लहान बागेवर जास्त भार का पडतो, ते तिसऱ्या ढिगाकडे बघितलं की कळतं. मोठ्या बागेत शेकडा दहा फळं नाकारली गेली तर तो गाडीभर माल होतो आणि रसाचा कारखाना तो उचलायला येतो. आमची शेकडा दहा म्हणजे चार-पाच टोपल्या, त्याही एका दिवशी नाही. त्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही. मोठ्याकडे कॅमेऱ्याने प्रतवारी करणारं यंत्र असतं, निरनिराळ्या प्रतींना निरनिराळी गिऱ्हाइकं असतात; आमच्याकडे येणारा व्यापारी एकच आणि त्याला एकच प्रत हवी. म्हणजे सालीवरचा तोच डाग मोठ्या बागेला थोडा भाव कमी करून जातो आणि लहान बागेला पूर्ण तोट्यात घालतो. यातून लहान बागायतदार उलट जास्त फवारतो. त्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे, पण त्याच्याकडे चुकायला जागा नाही एवढंच खरं.

दुसरीही एक अडचण आहे. मादीच्या गंधाची नक्कल करून नर पाकोळ्यांना भरकटवायचं तंत्र सफरचंदातल्या अळीवर चांगलं चालतं. फवारा नाही, अवशेष नाहीत. पण ते चालतं सलग मोठ्या क्षेत्रावर. दोन-अडीच एकरांच्या बागेत तुम्ही गंधाच्या नळ्या टांगल्या, तरी शेजारच्या बांधावरून मीलन झालेली मादी उडत येते आणि निवांत अंडी घालते. असलं तंत्र लहान बागेला एकट्याने परवडत नाही आणि लागूही पडत नाही. आठ-दहा शेजारी एकत्र आले तरच त्याचा उपयोग. फळाला कागदी पिशवी बांधणं हा दुसरा मार्ग. जपानमध्ये सफरचंदांना अशा पिशव्या मोठ्या प्रमाणावर बांधल्या गेल्या आहेत, आणि फळ खरोखर आरशासारखं निघतं. लहान बागेला हे जमण्यासारखं आहे. मात्र एकेक फळ हाताने झाकायचं आणि पुन्हा उघडायचं, म्हणजे घरातल्या माणसांचे, बहुतेक वेळा बायकांचे, किती दिवस जातात ते मोजून बघावं. औषध वाचतं खरं, पण ते काम कोणाच्या पाठीवर जातं हेही टिकाऊपणात धरायला हवं.

इथे माझ्याविरुद्धची बाजू मांडतो, कारण ती पोकळ नाही. सगळे डाग निरुपद्रवी नसतात. फळमाशीने टोचलेलं बारीक छिद्र बाहेरून सुईच्या टोकाएवढं दिसतं आणि चार दिवसांत आत अळ्या वळवळतात. खपल्या रोगाने साल तडकते आणि तडकलेल्या जागेतून दुसरी कूज शिरते. करपा रोगाचा ठिपका तोडणीच्या वेळी नगण्य असतो आणि फळ पिकताना पसरतो. असं फळ खोक्यात गेलं तर शेजारची चार घेऊन जातं. व्यापारी डागाला घाबरतो ते या अनुभवातून, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो.

पण म्हणूनच डाग आणि डाग यांत फरक करायला शिकलं पाहिजे. फुलकिड्याचं वलय वेगळं. वाऱ्याने कोवळ्या फळावर पान घासून पडलेली तपकिरी चरे वेगळी. लिंबूवर्गीय फळांत प्रत उतरायचं ते एक मोठं कारण आहे आणि त्यात कीड मुळी नाहीच, उपाय औषधाचा नसून वाऱ्याच्या बाजूला लावलेल्या झाडांच्या रांगेचा आहे. दमट हवेत सफरचंदावर काजळी पुसल्यासारखे पट्टे येतात, शेजारी माशीने घाण केल्यासारखे काळे ठिपके. दोन्ही बुरशी सालीवरच्या मेणावर जगतात, गरात उतरत नाहीत, जोर लावून घासलं तर बऱ्याच निघतात. साठवणीत असं फळ थोडं लवकर सुकतं, इतकाच त्यांचा गुन्हा. तरी या काजळीसाठी उन्हाळाभर बुरशीनाशकं मारली जातात, तोडणीच्या जवळच्या दिवसांत, म्हणजे अवशेष राहण्याची भीती सगळ्यात जास्त असते तेव्हा. प्रतवारीच्या नियमाला गरातली इजा आणि कातडीवरचा व्रण यांतला फरक कळत नाही, हा माझा मूळ आक्षेप आहे.

आकाराच्या बाबतीत तर वाकडं फळ उलट काही सांगू पाहतं. सफरचंद आडवं कापा. मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसते. सर्वसाधारणपणे एका कप्प्यात दोन, म्हणजे दहा बिया. आता एका बाजूने चेपलेलं, कलंडलेलं सफरचंद घेऊन तसंच कापा. ज्या बाजूला फळ भरलं नाही त्या बाजूच्या कप्प्यात बहुधा बी नसतं, असलं तर चपटं, पोचट. फुलाला पुरेसं परागकण मिळालं नाही, बी धरलं नाही, आणि बी नाही म्हणून त्या बाजूचा गर फुगला नाही. वाकडं फळ म्हणजे मधमाशीची गैरहजेरी. एका झाडावर अशी फळं वाढली तर ती फेकून देण्याऐवजी बागायतदाराने विचारायला हवं की मोहोराच्या दिवसांत बागेत काय मारलं होतं, आणि बांधावरची फुलझाडं कोणी उपटली.

आकाराचा आग्रह अगदीच वाईट असतो असंही नाही. झाडावर लागलेली सगळी फळं ठेवली तर ती बारीक राहतात आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं. फळातल्या कोवळ्या बियांमधून निघणारी जिबरेलिन नावाची संप्रेरकं पुढच्या हंगामाच्या फुलकळ्या धरू देत नाहीत. म्हणून एक वर्ष लादलेलं, एक वर्ष रिकामं असं चक्र बसतं. सफरचंदात एका फळामागे तीस-चाळीस पानं राहतील इतकी विरळणी वेळेवर केली तर फळ मोठं होतं, फांदी मोडत नाही आणि पुढच्या वर्षीचा मोहोरही वाचतो. इथे बाजाराची हाव आणि झाडाची सोय योगायोगाने एका दिशेला आहेत. सालीच्या बाबतीत तसं नाही.

‘गिऱ्हाइकालाच तसं हवं असतं’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालं आहे. गिऱ्हाइकाच्या नावावर बरंच खपतं. रेड डेलिशस या सफरचंदाची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं हे झाड. फळ गोड होतं, साल पट्टेरी होती. पुढे ज्या फांदीवर फळ जास्त लाल निघेल तिच्यावरून कलमं करत गेले. लाल, अजून लाल, मग जवळजवळ काळसर लाल. रंग लवकर चढतो म्हणून तोडणीही लवकर. साल जाड होत गेली, गर पिठूळ झाला आणि चव कुठेतरी मागे राहिली. अर्धशतकाहून अधिक काळ हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त पिकणारं सफरचंद होतं. २०१८ साली ‘गाला’ या दुसऱ्या जातीने त्याला मागे टाकलं. म्हणजे गिऱ्हाइकाने सालीवर विश्वास ठेवला, फसलं, आणि शेवटी तोंड फिरवलं. त्याच फळाच्या इतिहासात अलार नावाचं एक रसायनही आहे. फळ झाडावर जास्त दिवस टिकावं, कडक राहावं, रंग चढावा म्हणून ते मारत. कीड-रोगाशी त्याचा संबंध नव्हता. आरोग्याच्या शंकांवरून मोठा गदारोळ झाला आणि १९८९ साली ते अमेरिकेतल्या खाद्यपिकांवरून मागे घेतलं गेलं. त्या गदारोळात जे बागायतदार बुडाले त्यांत ते न वापरणारेही होते.

नियम बदलता येत नाहीत असंही नाही. युरोपीय संघाने १ जुलै २००९ पासून २६ फळं-भाज्यांची आकार-रूपाची सक्ती काढून टाकली. काकडी किती वाकडी चालेल हा नियम तेव्हाच गेला आणि त्यावर विनोद बरेच झाले. जर्दाळू, चेरी, आलुबुखार हेही सुटले. मात्र दहा प्रकारांवर सक्ती तशीच राहिली, आणि त्यांत सफरचंद, नासपती, लिंबूवर्गीय फळं, पीच, द्राक्ष, किवी आहेत. व्यापाराचा मोठा हिस्सा याच दहांचा. काकडीला स्वातंत्र्य मिळालं, फळबागेच्या वाट्याला जवळपास जुनेच नियम आले.

२०१४ साली फ्रान्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने वाकडी-तिकडी फळं वेगळी मांडून तीस टक्के स्वस्त विकली, जाहिरातही झकास केली. फळं संपली. याचं कौतुक झालं आणि व्हायलाही हवं होतं, पण मला त्यातली तीस टक्क्यांची सूट खटकते. चव तीच, पोषण तेच, मग सूट कशाची? अशाने डागाचं फळ दयेच्या खात्यात जातं आणि बागायतदाराला मिळायचा तो अर्धाच भाव मिळतो. आर्थिक नुकसानीची पातळी जिथे होती तिथेच राहते. पंप पुन्हा पाठीवर.

म्हणून सुरुवात दुकानातून करावी असं मला वाटत नाही. ती करावी सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीतून. शाळांची जेवणं, रुग्णालयं, वसतिगृहं, उपाहारगृहं इथे फळ बहुधा कापून किंवा सोलूनच ताटात जातं. ज्या फळाची साल खाणाऱ्याला दिसणारच नाही, त्याच्या सालीचे पैसे जनतेने का मोजावेत? अशा खरेदीत साखरेचं प्रमाण मोजून भाव द्या. ते मोजायचं खिशात मावणारं यंत्र असतं, रसाचा एक थेंब पुरतो. अवशेषांची तपासणी कडक करा, तिथे अजिबात सवलत नको. फळमाशीचं छिद्र, कूज, तडा नाकारा. पण ठरलेल्या पूर्ण भावाने घ्या, आणि आठ-दहा लहान बागांचा माल एकत्र मोजून घ्यायची तयारी ठेवा, म्हणजे कोणाच्या चार टोपल्या बांधावर सडणार नाहीत. कृषी संशोधकांनीही पातळ्यांचे दोन तक्ते काढावेत: एक आजच्या सालीच्या बाजारासाठी, एक गराच्या बाजारासाठी. दोन्ही शेजारी ठेवले की किती फवारे फक्त कातडीसाठी होतात ते कोणालाही वाचता येईल.

यातून लगेच सगळं हिरवंगार होईल असं मला म्हणायचं नाही. आमच्याकडे दोन ओळींवर मी पाकळ्या गळतीचा फवारा थांबवून पाहिला. पहिल्या हंगामात वलयं वाढली, काकूंखेरीज घरात कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. दुसऱ्या हंगामात त्या ओळींत कोळी दिसले नाहीत आणि त्यांच्यासाठीचा नंतरचा फवाराही मारावा लागला नाही. दोन ओळी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. तिसरा ढीग मात्र त्या दोन ओळींचा मोठाच राहिला, आणि तो विकायची सोय नाही तोवर उरलेल्या ओळींवर हा प्रयोग करायची माझी छाती नाही.

सार्वजनिक खरेदीच्या अटींत आजवर मी ‘फळे एकसमान, चकचकीत व डागविरहित असावीत’ अशा धाटणीची ओळ पाहिली आहे. तिच्या जागी एवढं लिहिता येईल: फळ पक्व असावं, कापल्यावर गर शाबूत असावा, साल तडकलेली किंवा टोचलेली नसावी, वाऱ्याची घास, वलय, काजळी आणि आकारातला वाकडेपणा चालेल. आमच्या तिसऱ्या ढिगातली निम्म्याहून जास्त फळं या ओळीत बसतात.